आजाराचं गाव कोणतं?

नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात मी बावीस वर्षं समाजसेवा अधीक्षक होते. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याच्या औषधाची सोय पाहायची, रुग्ण कोणत्या योजनेत बसतो ते तपासायचं, बेवारस रुग्णाचे नातेवाईक शोधायचे, मृतदेह गावी न्यायला गाडी मिळवून द्यायची, असं ते काम. त्यामुळे रोज ढिगाने केसपेपर हाताखालून गेले. केसपेपरवर नाव, वय, लिंग यांच्याखाली पत्त्याचा एक रकाना असतो. मला जे म्हणायचं आहे ते त्या रकान्यापासून सुरू होतं.

एका श्रावणात एक आजोबा नातवाला घेऊन आले. पोर पाच-सहा वर्षांचं, तापाने फणफणलेलं, डोळे लाल. केसपेपरवर पत्ता होता गड्डीगोदाम, नागपूर. पण आजोबांच्या धोतराला शेतातला चिखल सुकून चिकटलेला होता आणि बोलण्याचा हेल मध्य प्रदेशातल्या सौंसरकडचा होता. मी विचारलं, "बाबाजी, राहता कुठे?"

"गड्डीगोदामात भाची राहते जी."

"आणि तुम्ही?"

"आम्ही तिकडचे. लोधीखेड्याकडचे."

"मग तसं का नाही सांगितलं?"

"तिकडचं लिहिलं तं वापस पाठवतेत म्हणे."

त्यांना कुणीही परत पाठवलं नसतं. मध्य प्रदेशचा म्हणून दारातून रुग्ण हाकलल्याचं मी तरी पाहिलं नाही. पण बसस्टँडवर, धर्मशाळेत, औषधाच्या दुकानापुढे हा समज पसरलेला असतो आणि दूरवरून आलेला घाबरा माणूस आपलं गाव लपवतो. निवासी डॉक्टर चांगली होती. तिने पोराचा सदरा काढला आणि काखेत विडीचा चटका बसावा तसा काळा खपलीचा डाग दिसला. स्क्रब टायफस. गवतातल्या बारक्या किड्याच्या चावण्याने होणारा हा ताप वेळेवर ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर माणूस घेऊन जातो. पोर वाचलं. आठ दिवसांनी आजोबा त्याला खांद्यावर घेऊन गेले.

आजाराची नोंद मात्र गड्डीगोदामाच्या नावावर पडली. पाहणीचं पथक भाचीच्या घरी जाऊन आलं. किडा होता लोधीखेड्याच्या धुऱ्यावरच्या गवतात. तिथे कुणी गेलं नाही, कारण तिथे कागदोपत्री काहीच घडलं नव्हतं. त्या धुऱ्यावरून आणखी किती पोरं गेली असतील, हा विचार मला कितीतरी रात्री छळत राहिला.

सीमाभाग म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बेळगाव, निपाणी, कारवार येतं. आमच्याकडेही एक सीमाभाग आहे. त्याच्यासाठी तसे मोर्चे आणि दावे गाजले नाहीत, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. सौंसर आणि पांढुर्णा मराठी बोलतात आणि मध्य प्रदेशात आहेत. बालाघाट, गोंदिया आणि भंडाऱ्याची पोवारी बोली एकच आहे. आदिलाबादच्या बाजारात मराठीवर निभतं. गोंडी बोलणारी माणसं तर चार राज्यांत वाटली गेली आहेत. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, बैतूल, दुर्ग हे सगळे भाग इथूनच चालत. दुसऱ्या दिवसापासून राज्यं बदलली. माणसांची दवाखान्याची वाट बदलली नाही. छिंदवाड्याहून नागपूर सव्वाशे-दीडशे किलोमीटर आहे आणि भोपाळ त्याच्या जवळपास दुप्पट. मूल निळं पडायला लागलं की बाप नकाशा पाहत नाही, नागपूरची गाडी पाहतो.

नागपूर आजही या सगळ्या मुलखाचं ठाणं आहे, फक्त आरोग्य सोडून. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि त्याच्या खाणी चंद्रपूर-यवतमाळपासून बैतूलच्या पाथाखेड्यापर्यंत आणि छिंदवाड्याच्या पेंच-कन्हान पट्ट्यापर्यंत. मॉयलचं मुख्यालय काटोल रोडवर, मँगनीज मात्र नागपूर, भंडारा आणि बालाघाटचं. रेल्वेचं नागपूर मंडळ छिंदवाड्यालाही जातं आणि राजनांदगावलाही. पेंचचा वाघ दोन्ही राज्यांत फिरतो आणि दोन्हीकडचं वनखातं त्याला ओळखतं. नागपूर जे पाणी पितं ते पेंचचं, म्हणजे छिंदवाड्याच्या डोंगरातलं. कोळसा, मँगनीज, वाघ, पाणी, आगगाडी यांना राज्याच्या हद्दीपलीकडे पाहणारं कुणीतरी आहे. त्याच खाणीत काम करणाऱ्या, तेच पाणी पिणाऱ्या माणसाच्या आजाराला असं कुणी नाही.

म्हणून माझी मागणी अशी की महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणा या चार राज्यांनी मिळून, चौघांच्या सारख्या मालकीची, या सीमाभागाच्या सार्वजनिक आरोग्याचं संशोधन करणारी एक संस्था उभी करावी. रुग्ण हद्द ओलांडतो तेव्हा त्याची माहितीही त्याच्याबरोबर हद्द ओलांडेल, एवढ्यासाठी.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात परासियात जे घडलं ते आपण इतक्या लवकर विसरावं, याचं मला वाईट वाटतं. परासिया म्हणजे छिंदवाडा जिल्ह्यातला कोळसा पट्टा. साध्या सर्दी-तापाची मुलं, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. खोकल्याचं औषध दिलं, दोन-तीन दिवसांत लघवी बंद झाली, अंग सुजलं, मूत्रपिंडं निकामी झाली. एकेक करून ती मुलं नागपूरच्या वेगवेगळ्या दवाखान्यांत आली. काही सरकारी, काही खाजगी. एका दवाखान्यातल्या डॉक्टरला एक किंवा दोन मुलं दिसली. दुसरीकडे आणखी दोन. सगळी एकत्र मांडून पाहिली तरच कळणार होतं की ही एकाच तालुक्याची मुलं आहेत. शोधाची सुरुवातही गोल फिरत गेली: पाणी तपासा, उंदीर तपासा, डास तपासा, लेप्टोस्पायरोसिस आहे का पाहा. मग काही मुलांच्या मूत्रपिंडाच्या बायोप्सीत विषारी पदार्थाने झालेल्या इजेच्या खुणा दिसल्या आणि बोट औषधाकडे वळलं. औषध बनलं होतं तामिळनाडूत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथल्या औषध प्रशासनाने तपासणी केली तेव्हा त्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं ४८.६ टक्के. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. वीसहून अधिक मुलं गेली.

मुलं मध्य प्रदेशची, उपचार महाराष्ट्रात, औषध तामिळनाडूचं. या तिन्हींच्या मधला धागा कुणाच्या हातात होता? धोक्याची घंटा वाजली ती नागपुरातूनच. रोगांवर नजर ठेवणाऱ्या इथल्या महानगर सर्वेक्षण कक्षाने ही एकाच तालुक्यातली मुलं असल्याचं केंद्राच्या लक्षात आणून दिलं. त्या माणसांचं मला मनापासून कौतुक आहे. पण हा कक्ष महानगरासाठी आहे. परासिया त्याच्या कामाच्या हद्दीत येत नाही. त्यांनी पाहिलं ते त्यांच्या सजगपणामुळे. मुलांचे जीव कुणाच्या सजगपणावर सोडायचे का, हा माझा प्रश्न आहे. एक संस्था असती, तिच्याकडे नागपूरच्या प्रत्येक बालरोग अतिदक्षता विभागातून रोज संध्याकाळी 'मूल, वय, खरं गाव, लक्षण' एवढी चार शब्दांची माहिती जात असती, तर 'परासिया, लघवी बंद' ही ओळ किती वेळा उमटल्यावर कुणी उठून बसलं असतं? मला वाटतं तिसऱ्या वेळेला. तिसऱ्या आणि विसाव्या मुलाच्या मधे जे अंतर आहे, त्या अंतरासाठी मी हे लिहिते आहे.

आणि हे विष आपल्याला नवं नव्हतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरिनमधून याच रसायनाने १४ रुग्ण गेले होते. एका राज्यातली ओळख दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरच्या वेळेवर कामी यायची असेल, तर ती कुठेतरी जपून ठेवलेली असायला हवी आणि विचारणाऱ्याला त्याच दिवशी मिळायला हवी.

आता चांदीपुरा. नागपूरकरांना हे नाव परकं नाही, पण जगभरच्या विषाणूशास्त्राच्या पुस्तकांत ते आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुऱ्यात तापाची साथ होती. तिथल्या रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू सापडला आणि त्याला गावाचं नाव मिळालं. वाळूमाशी तो पसरवते. मुलाला सकाळी ताप येतो, दुपारी झटके, आणि कित्येकदा दुसरा दिवस उजाडत नाही. २००३ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वराने गाठलं, त्यांतली १८३ गेली, आणि मागे हाच विषाणू असल्याचं निघालं. त्याच सुमारास विदर्भातही मुलं दगावत होती. नाव आमच्या गावाचं, मुलं आमची आणि शेजारच्यांची, आणि अभ्यास पुण्यात. पुण्याच्या शास्त्रज्ञांबद्दल माझी तक्रार नाही. तो विषाणू त्यांनीच शोधला, त्यांच्यामुळेच आपल्याला तो माहीत आहे. पण काही तासांत जीव घेणाऱ्या आजारासाठी प्रयोगशाळा सातशे किलोमीटरवर असावी आणि वाळूमाशी कोणत्या गावातल्या कोणत्या भिंतीच्या भेगेत अंडी घालते हे वर्षभर पाहत राहणारी माणसं इथे नसावीत, हे मला मान्य नाही. साथ आली की पथक येतं, साथ ओसरली की जातं. माशी इथेच राहते.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: "अहो, नागपुरात संस्था काय कमी आहेत?" कमी नाहीत. मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, मिहानमध्ये एम्स आहे. पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. नीरी आहे, १९५८ साली ती सुरू झाली तेव्हा तिच्या नावातच सार्वजनिक आरोग्य होतं, केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था, पर्यावरणाचं नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांनी एम्सचं उद्घाटन केलं, त्याच दिवशी माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार करणाऱ्या 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी इथे केली आणि चंद्रपूरचं सिकलसेलसारख्या रक्तविकारांचं केंद्र देशाला अर्पण केलं. जबलपूरला आदिवासी आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. सेवाग्राम तासाभरावर आहे.

पण यांतली कोणती संस्था बालाघाटच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला उत्तर द्यायला बांधील आहे? कोणत्या संस्थेच्या नियामक मंडळावर मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणाचे आरोग्य सचिव महाराष्ट्राच्या सचिवांशेजारी, त्यांच्याइतक्याच हक्काने बसतात? केंद्राच्या संस्था सगळ्या देशाच्या, राज्याच्या संस्था त्या राज्याच्या. मधला हा मुलूख कुणाचाच नाही. मला नवी इमारत नको आहे. इमारतीचं कौतुक आपल्याकडे कोनशिलेपासून सुरू होतं आणि लिफ्ट बंद पडली की संपतं. ही संस्था उद्या 'वन हेल्थ'च्याच आवारात चार खोल्यांत सुरू झाली तरी चालेल. तिच्यात एकही खाट नसावी, कारण खाटा आल्या की पैसा, माणसं आणि मंत्र्यांच्या भेटी सगळं खाटांकडे जातं आणि संशोधन मागच्या खोलीत धूळ खातं.

कायद्याची अडचण सांगणारेही भेटतात. आरोग्य हा राज्यांचा विषय, हे खरं. पण राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात समवर्ती सूचीत २९ वी नोंद आहे: संसर्गजन्य रोग आणि कीड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू नयेत यासाठीची तरतूद. माणसं, जनावरं आणि पिकं, तिन्हींसाठी. घटनाकारांना हे १९५० साली दिसलं होतं. अडलं ते दुसरीकडे. राज्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून १९५६ च्या कायद्याने क्षेत्रीय परिषदा आल्या, पण महाराष्ट्र पश्चिमेच्या परिषदेत, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मध्यच्या, तेलंगणा दक्षिणेच्या. ज्यांचे रुग्ण रोज एका बाकावर बसतात, त्या चार राज्यांची अशी बैठक एका टेबलाभोवती होण्याची सोयच नाही. मेकाँग नदीच्या खोऱ्यातल्या कंबोडिया, चीन, लाओस, म्यानमार, थायलंड आणि व्हिएतनाम या सहा देशांनी २००१ साली करार करून सीमेवरच्या साथींची माहिती एकमेकांना द्यायला सुरुवात केली. त्यांतल्या काहींनी एकमेकांशी युद्धं लढली आहेत. आपली चार राज्यं तर एकाच देशातली.

संस्थेने काय शोधायचं, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण बावीस वर्षांत जे प्रश्न माझ्या टेबलापुढे येऊन बसले त्यांतला एक सांगते, कारण तो मला सगळ्यांत जवळचा आहे.

लांजी बालाघाट जिल्ह्यात, आमगाव गोंदियात. मधे राज्याची हद्द, पण रोटी-बेटीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा. लांजीकडची एक मुलगी आमगावकडे दिलेली. सात महिन्यांची गरोदर, हाडं पिळवटून निघावीत अशा दुखण्याने कळवळत आली. सोबत सासू होती. तपासणीत सिकलसेल निघाला. स्वतःला आजार न होता तो पुढे देऊ शकणारी वाहक नव्हे, तिला आजारच होता. सासू म्हणाली, "आम्हाले माहीतच नोयतं." मुलगी भिंतीकडे पाहत हळूच म्हणाली, "माहेरी तपासलं होतं. कार्ड आईपाशी आहे." लग्नात ते कार्ड तिच्याबरोबर आलं नव्हतं. आणायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आणलं तर लग्न मोडेल ही भीती आईच्या मनात असणार. नवरा वाहक आहे का, हे तोपर्यंत कुणी तपासलंच नव्हतं. तपासलं तेव्हा तो वाहक निघाला. म्हणजे या जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी.

मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला तो १९५८ साली. आता पासष्टहून अधिक वर्षं झाली. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. मोहीम मोठी आहे आणि मला ती यशस्वी झालेली पाहायची आहे. पण तपासणीचे आकडे राज्यवार मोजले जातात, आणि सिकलसेल लग्नातून पुढे जातो, आणि आमच्याकडे लग्नं राज्यवार होत नाहीत. लांजीची सून आमगावच्या आशाताईला माहेरच्या कार्डासकट कळली पाहिजे, आणि तेही त्या मुलीची अब्रू आणि तिचा संसार सांभाळून. हे कसं करायचं हा संशोधनाचा प्रश्न आहे. रक्ताचा जितका, तितकाच माणसांचा. हैदराबादेत किंवा दिल्लीत बसून तो सुटणार नाही.

बाकीचे प्रश्न मी भराभर सांगते. आपल्या देशातलं सर्पदंशावरचं प्रतिविष बहुतांशी तामिळनाडूत पकडलेल्या सापांच्या विषापासून बनतं. गोंदियाच्या धानपट्ट्यातल्या आणि बालाघाटच्या जंगलातल्या मण्यारावर ते किती चालतं, हे इथल्या मण्यारावर तपासायला हवं. इंद्रावतीच्या पलीकडच्या गावांतली माणसं हेमलकशाच्या दवाखान्यात येतात, १९७३ पासून येत आहेत. डास तीच नदी रोज ओलांडतो, पण दोन्ही काठांच्या फवारणीचं वेळापत्रक दोन वेगळ्या राजधान्यांत ठरतं. हिवाळ्यात गडचिरोलीतून आणि बस्तरमधून मजुरांचे जथे तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ते जाताना हिवताप, क्षयरोग, कुपोषण काय घेऊन जातात आणि काय घेऊन येतात, हे कोणत्याच जिल्ह्याला पूर्ण माहीत नसतं, कारण प्रत्येक जिल्ह्याला त्यांचं अर्धंच वर्ष दिसतं.

संशोधन म्हटलं की आमच्याकडच्या गावांतली माणसं मागे सरकतात, आणि त्यांचं चुकत नाही. सालेकसा भागात एका बाईने मला बोट पुढे करून दाखवलं होतं. म्हणाली, "तीनदा टोचलं बाई, कागद एकदा नाही आला." तिच्या रक्ताचं काय झालं, कुठल्या तक्त्यात ते गेलं, तिला काही आजार निघाला की नाही, तिला कधीच कळलं नाही. नमुना नेणाऱ्यांची पदव्युत्तर पदवी झाली असेल. या संस्थेच्या घटनेत पहिलं कलम हेच असावं की ज्याचं रक्त घेतलं त्याला त्याचा निकाल त्याच्या भाषेत, ठरलेल्या दिवसांत, घरी मिळेल. गोंडीत सांगायचं तर गोंडीत. आज नदीच्या एका काठावर मराठी पोस्टर लागतं, दुसऱ्यावर हिंदी, तिसरीकडे तेलुगू, आणि वाचणाऱ्याची भाषा तिन्हींत नसते.

इथल्या मातीतून निघालेलं संशोधन किती दूर जातं, हे गडचिरोलीने दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' सुरू केलं. नवजात बाळं का मरतात हा प्रश्न त्यांनी गावात बसून विचारला, गावातल्याच बायकांना बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात, त्याची मुळं तिथे आहेत. ते एका दांपत्याच्या आयुष्यभराच्या तपश्चर्येतून झालं. प्रत्येक जिल्ह्याला अशी माणसं मिळणार नाहीत. म्हणून संस्था हवी.

मला सगळ्यांत जास्त भीती आहे ती आमच्या नागपूरची. संस्था आली की ती आपलीच असं आम्ही धरून चालतो. भोपाळ आणि रायपूरमधल्या अधिकाऱ्यांना नेमकी हीच शंका येणार, की आपल्या जिल्ह्यांचे आकडे महाराष्ट्राच्या हातात गेले तर उद्या वर्तमानपत्रांत आपल्यालाच झोडपलं जाईल. परासियाच्या वेळी ही अस्वस्थता दोन्हीकडे होती. म्हणून काही गोष्टी नागपूरने आधीच सोडून द्याव्यात. संचालकपद आळीपाळीने चारही राज्यांना मिळावं आणि पहिला संचालक महाराष्ट्राचा नसावा. पहिलं क्षेत्रीय केंद्र परासियात उघडावं, दुसरं भामरागडला, नागपूरच्या मुख्य कार्यालयाला रंग देण्याच्या आधी. प्रत्येक आकडा ज्या जिल्ह्याचा आहे त्या जिल्ह्याला सर्वांत आधी मिळावा आणि ठरावीक मुदतीनंतर तो सगळ्यांसाठी खुला व्हावा, म्हणजे दडपणंही होणार नाही आणि बदनामीही. पैसा चौघांनी लोकसंख्येच्या आणि ऐपतीच्या हिशेबाने द्यावा, केंद्राने तेवढीच भर घालावी. एखाद्या राज्याने हात आखडता घेतला तर बाकी तिघांनी सुरुवात करावी. दोघांनीही करावी.

दर डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं. सगळं मंत्रिमंडळ इथे असतं. त्या दिवसांत महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांनी शेजारच्या तीन राज्यांच्या मंत्र्यांना एका दुपारी रविभवनात बोलवावं आणि आधी मेडिकलच्या बालरोग ओपीडीत तासभर बसवावं. गाड्यांच्या पाट्या पाहायला सांगावं. एमपी, सीजी, टीजी. मग चर्चा करावी.

संस्था व्हायला वर्षं लागतील, हे मला कळतं. एक गोष्ट मात्र उद्यापासून करता येते आणि तिला ना कायदा लागत ना निधी. सीमेवरच्या सगळ्या दवाखान्यांच्या नोंदणी खिडकीवर पत्त्याखाली आणखी एक रकाना घालावा: आजार सुरू झाला तेव्हा माणूस कोणत्या गावात होता? आणि खिडकीवर मोठ्या अक्षरात, मराठीत, हिंदीत, तेलुगूत लिहावं की खरं गाव सांगा, उपचार सगळ्यांना मिळतील.

नोकरीच्या शेवटच्या सहा-सात वर्षांत मी ते माझ्यापुरतं करत होते. विचारून घ्यायचे आणि केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहायचे. लोधीखेडा. लांजी. तामिया. डोंगरगड. आसिफाबाद. निवृत्त होताना रेकॉर्ड रूममध्ये गेले तेव्हा ते गठ्ठे दोरीने बांधून मांडणीवर ठेवलेले होते, पेन्सिलच्या अक्षरांसकट. कुणाला काढून पाहायचे असतील तर कोणत्या मांडणीवर आहेत ते मी सांगू शकते.